उरलेल्यांचा ढीग

माझी भाची वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला होती आणि वसतिगृहात जागा मिळेपर्यंत आमच्याकडे राहत होती. एका रविवारी दुपारी तिने बैठकीच्या खोलीत जुनी चादर अंथरली, मांजरपाटाच्या पिशवीतून हाडे काढली आणि त्यांचे ढीग लावायला सुरुवात केली. हा हाडांचा अर्धा संच तिने वरच्या वर्गातल्या एका मुलीकडून विकत घेतला होता. त्या मुलीनेही तो आणखी कुणाकडून घेतलेला असणार, कारण हाडांवर निरनिराळ्या हातांच्या खुणा होत्या. स्नायू जिथून निघतो तिथे लाल पेन्सिल, जिथे जाऊन चिकटतो तिथे निळी, आणि काही ठिकाणी आधीच्या कुणाची रेघ खोडून पुन्हा काढलेली. खोलीत जुन्या लाकडी कपाटासारखा कोरडा वास पसरला होता. मांडीचे हाड चादरीच्या एका कडेला गेले, त्याच्याशेजारी नडगी, मग दंडाचे हाड. त्यानंतर तिने करंगळीच्या टोकाचे, नखाखालचे इवलेसे हाड दोन बोटांत धरून उचलले आणि त्याच लांब हाडांच्या ढिगात ठेवले. टाचेचे मूठभर मोठे हाड मात्र तिने पलीकडे, मनगटाच्या खड्यांजवळ, आखूड हाडांत टाकले. मी तिला विचारले, "हे एवढंसं हाड लांब कसं?" तिने मान वर न करता सांगितले, "मावशी, लांबी नाही बघायची, घडण बघायची. मधे दांडा आणि दोन बाजूंना टोकं असली की ते लांब हाड. टाचेला दांडा कुठाय?"

टाचेला दांडा नव्हता. उत्तर बिनतोड होते, आणि तरीही ते माझ्या मनात कित्येक दिवस खुपत राहिले.

याचे एक कारण माझ्या नोकरीत असावे. मी उभी हयात तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तके लावण्यात घालवली, आणि वर्ग पाडण्याची खोड एकदा हाडीमाशी खिळली की निवृत्तीनंतरही सुटत नाही. कुठलाही वर्ग दिसला की तो कुणाच्या सोयीसाठी पाडला आहे, असा प्रश्न मला आधी पडतो. भाचीचे म्हणणे मी समजून घेतले ते याच वाटेने. लांब हाडांचा वर्ग मापावर उभा नसून घडणीवर उभा आहे. मध्ये पोकळ नळी, नळीची भिंत घट्ट, दोन्ही टोके फुगीर आणि आतून जाळीदार, आणि लहानपणी वाढ होते ती टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून. मांडीच्या हाडात हे सारे डोळ्यांत भरेल एवढे असते, कारण ते शरीरातले सर्वांत लांब हाड आहे आणि माणसाच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा त्याने व्यापलेला असतो. करंगळीच्या टोकाच्या हाडात तेच सारे लहान प्रमाणात असते. मात्र बारकाईने पाहिले तर इथेही साम्य पुरते नाही. मांडीचे हाड दोन्ही टोकांनी वाढते, तर बोटांची हाडे एकाच टोकाने वाढतात. घराण्याचे नाव तेच लावायचे, पण वाटणीत अर्धाच हिस्सा मिळायचा, अशातला हा प्रकार आहे.

गळ्याखालचे आडवे हाड, ज्याला सगळे आता कॉलर बोनच म्हणतात, त्याने तर मला आणखी गोंधळात टाकले. तेही लांब हाडांतच मोजतात. पण बाकीची लांब हाडे उभी असताना हे एकटे आडवे असते. त्याच्यात बहुधा मज्जेची पोकळी नसते. बाकीची लांब हाडे आधी कूर्चेत घडतात आणि मग हाड होतात, तर याचा बराचसा भाग कवटीच्या हाडांप्रमाणे थेट पडद्यातून हाड होतो. गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, म्हणजे आईला पुरती खात्रीही झालेली नसते अशा वेळी, अस्थी होण्याची सुरुवात सर्वांत आधी इथे होते, आणि काम पुरे होण्यात याचाच क्रमांक शेवटचा लागतो, थेट पंचविशीच्या आसपास. एवढे सगळे निराळेपण असूनही केवळ दांडा आणि दोन टोके आहेत म्हणून ते लांब ठरले. याउलट बरगडी त्याच्याहून कितीतरी लांब असते, पण ती चपटी असल्यामुळे चपट्यांत गेली. वाचनालयात अशी पुस्तके माझ्याकडे येत तेव्हा मी ती दोनदोन दिवस टेबलावर ठेवून घेत असे. हाडे टेबलावर ठेवून घेता येत नाहीत, परीक्षेत लगेच उत्तर द्यावे लागते.

आखूड हाडांचा ढीग मला सर्वांत प्रामाणिक वाटला. मनगटाची आठ हाडे एका नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली होती, आणि हातात घेतल्यावर ती एकमेकांवर घासून बारीक, सुका आवाज करीत होती. लांबी, रुंदी आणि जाडी जवळपास सारखी, वरून पातळ घट्ट कवच आणि आत जाळी. एकेकटे हाड शेजाऱ्यापासून अगदी थोडे सरकते, पण सगळ्यांचे थोडेथोडे मिळून मनगट वाकते आणि वळते. पायात घोट्याखाली अशी सात आहेत. त्यांतले टाचेच्या वर बसणारे हाड सगळ्या शरीराचा भार खाली पोचवते, पण त्याला एकही स्नायू चिकटत नाही. भाचीने ते मला दाखवले तेव्हा त्यावर ना लाल रेघ होती ना निळी, पेन्सिल लावायला जागाच नव्हती. ते हाड पाहताना मला शिरूर तालुक्यातले इनामगाव आठवले. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले होते, आणि तीन हजार वर्षांहून जुन्या त्या वस्तीत माणसे आपल्या मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत असत. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत, आणि मोठ्या माणसांची पावले घोट्यापाशी तोडून मग पुरीत. गेलेल्याने उठून कुठे चालत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा असे अभ्यासकांनी मानले आहे. म्हणजे त्या सांगाड्यांत पावलांच्या आखूड हाडांचा ढीग लावताच येणार नाही. चालणे नेमके कोणत्या हाडांत असते याचा विचार त्या लोकांनीही आपल्या परीने केला होता, आणि तो करताना त्यांना काय वाटले असेल याची कल्पना मला करवत नाही.

चपटी हाडे मी आजवर झाकण म्हणूनच पाहत आले होते. कवटीने मेंदू झाकायचा, छातीच्या हाडाने काळीज झाकायचे, पाठीवरच्या फऱ्याने काही न झाकता स्नायूंना नुसती धरायला जागा द्यायची. भाचीने कवटीच्या छपराची कापलेली कड माझ्यासमोर धरली. दोन घट्ट पत्रे आणि त्यांच्यामध्ये बारीक छिद्रांचा थर. जन्मतः सगळ्याच हाडांच्या पोकळ्यांत रक्त तयार करणारी लाल मज्जा असते. वय वाढते तशी ती हातापायांच्या नळ्यांतून मागे हटते, तिथे पिवळी चरबी भरते, आणि मोठ्या माणसाच्या शरीरात रक्त घडवण्याचे काम मुख्यतः छातीचे हाड, बरगड्या, मणके आणि कंबरेचे हाड यांच्याकडे येते. मांडीच्या आणि दंडाच्या हाडांत ते वरच्या टोकांपुरते उरते. मज्जेचा नमुना हवा असेल तेव्हा डॉक्टर कंबरेच्या हाडाच्या कडेत सुई घालतात ते म्हणूनच. दिसायला भारदस्त असलेल्या नळ्या भार उचलतात, आणि घर चालवतात ती ही पातळ, आडबाजूची हाडे. हे मला त्या दुपारपर्यंत कुणी सांगितले नव्हते.

आणि मग उरलेल्यांचा ढीग.

त्यात पाठीचे मणके होते, कण्याच्या तळाचे तिकोनी हाड, म्हणजे त्रिकास्थी होते, कंबरेचे हाड होते, खालचा जबडा होता. शाळेच्या पुस्तकात या वर्गाला अनियमित हाडे म्हणतात. ना लांब, ना आखूड, ना चपटी, म्हणून अनियमित. ही व्याख्या वाचली की मला आमच्या वाचनालयातले संकीर्ण विभागाचे कपाट आठवते. जे कुठेच बसत नाही ते तिथे जायचे, आणि गावातले खरे वाचक येऊन आधी तेच कपाट उघडायचे. मणका हातात घेऊन पाहिला तर त्यात अनियमित असे काहीच आढळत नाही. पुढे भार घेणारे जाड अंग, मागे मज्जारज्जूसाठी कमान, बाजूंना स्नायूंना धरायला पंख, मागे हाताला लागणारा काटा, आणि वर-खाली शेजाऱ्यावर टेकणाऱ्या गुळगुळीत चकत्या. एका हाडावर चार कामे पडली म्हणून त्याचा घाट गुंतागुंतीचा झाला. मानेच्या पहिल्या मणक्याला तर पुढचे जाड अंगच नसते, तो नुसते कडे असतो आणि त्यावर कवटी तोलली जाते. अशा हाडाला नियम नाही असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. वर्ग पाडणारा तीन वर्ग करून दमला, एवढेच त्या नावावरून सिद्ध होते. भाचीला मी असे म्हणाले तेव्हा ती हसली आणि म्हणाली की तोंडी परीक्षेत असे बोलले तर बाहेर काढतील.

मग मी सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान काढून बसले. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. गुडघा, नितंब, खांदा, गाल, टाळू, कानशील आणि डोके इथली हाडे कपाल, म्हणजे खापरासारखी. दात रुचक. नाक, कान, मान आणि डोळ्यांच्या खोबणीतली कोवळी हाडे, ज्यांना आज आपण बहुतेक कूर्चा म्हणू, ती तरुण. कुशी, पाठ, छाती इथली वळणदार हाडे वलय. आणि शेवटी, "शेषाणि नलकसंज्ञानि", म्हणजे जी उरली ती नलक. दात आणि कूर्चाही धरल्यामुळे त्याची एकूण संख्या तीनशे भरते, वेदवादी तीनशे साठ मानतात असेही तो तिथेच नोंदवतो, आणि आजच्या हिशेबात प्रौढ माणसाची हाडे २०६ आहेत. संख्येच्या या फरकात मला फारसा रस वाटला नाही, कारण काय मोजायचे ते वेगळे ठरवले की बेरीज वेगळी येणारच. मला थांबवले ते "शेष" या शब्दापाशी. आजच्या वर्गीकरणात शेवटी उरते ते अवघड, कशातच न बसणारे हाड. सुश्रुताच्या वर्गीकरणात उरते ते सर्वांत साधे, सरळ, नळीसारखे हाड. त्याने आधी अवघडांची सोय लावली, कंबरेच्या हाडालाही हक्काची जागा दिली, आणि ज्यांच्याविषयी कुणाला शंका येणार नाही त्यांना एका वाक्यात मागे ठेवले. वाचनालयात मी उलट करीत असे, आधी सोपी पुस्तके लावून टाकायची आणि अवघड संध्याकाळवर ढकलायची, आणि बहुतेक माणसे तसेच करतात असा माझा अंदाज आहे.

हे वर्ग त्याने कशासाठी पाडले याचे उत्तर त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात भग्नाच्या, म्हणजे हाडे मोडण्याच्या, अध्यायात सापडते. "तरुणास्थीनि नम्यन्ते भज्यन्ते नलकानि तु । कपालानि विभिद्यन्ते स्फुटन्ति रुचकानि च ॥" तरुण हाडे वाकतात, नलक मोडतात, कपाल दुभंगतात, रुचक फुटतात. शल्यवैद्याला हाडाचा आकार हवा होता तो तुटण्याची रीत ओळखण्यासाठी, कारण तुटण्याची रीत कळली तर बांधण्याची कळणार. हा श्लोक वाचल्यावर माझ्या सासूबाईंचे गेल्या पंधरा-वीस वर्षांतले सारे दुखणे माझ्या डोळ्यांसमोर एका ओळीत उभे राहिले. साठीच्या सुमारास त्या मोरीच्या उंबऱ्यावरून घसरल्या आणि हात टेकवून सावरायला गेल्या. मनगटाच्या जरा वरचे हाड मोडले. नळीची घट्ट भिंत जिथे पातळ होते आणि जाळीदार टोक सुरू होते, नेमके तिथे. डब्लिनच्या अब्राहम कोलिस नावाच्या शल्यवैद्याने १८१४ साली वर्णन केलेले हे मोडणे आहे आणि आजही त्याचेच नाव चालते. नलक मोडतात, हे तिथे अक्षरशः खरे ठरले. प्लास्टर निघाले, हात किंचित वाकडा राहिला, पोळ्या मात्र पूर्वीसारख्याच गोल होऊ लागल्या.

त्यानंतर जे झाले त्याला या श्लोकात क्रियापद नाही. सासूबाईंची उंची कमी होऊ लागली. आधी आम्हांला वाटले की त्या वाकून चालतात. मग त्यांचे नऊवारी घोट्याखाली लोळू लागले, फडताळातला वरचा डबा हाताला येईना, आणि फळीची जागा बदलावी लागली. कुठे पडणे नाही, कुठे मोडल्याचा आवाज नाही. एक्स-रेमध्ये दिसले की पाठीचे दोन मणके पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झाले आहेत. मणक्याच्या आतली जाळी विरत जाते आणि तो रोजच्या ओझ्याखाली बसतो, भिंत खचते तसा. नम्यन्ते, भज्यन्ते, विभिद्यन्ते, स्फुटन्ति. चार वर्गांना चार क्रियापदे मिळाली आणि पाचवा, पाठीचा, वलयांचा वर्ग श्लोकाबाहेर राहिला. टीकाकार श्लोकातल्या शेवटच्या "च" मध्ये त्याला सामावून घेतात. मला हे समाधान तोकडे वाटते, पण सासूबाईंच्या पाठीकडे पाहिले की वाटते, जे इतक्या हळू घडते त्याचे क्रियापद शोधणे शल्यवैद्यालाही सोपे गेले नसेल.

आता आम्हां सगळ्यांना धास्ती आहे ती खुब्याची. मांडीच्या हाडाची मान, जी तिरकी जाऊन कंबरेच्या वाटीत बसते, ती म्हातारपणी मोडली की घरातली माणसे आवाज खाली करून बोलू लागतात. त्या मानेच्या आतल्या जाळीची एक गोष्ट मला आवडते. १८६० च्या दशकात झुरिचमध्ये हर्मान फॉन मायर हा शरीरशास्त्रज्ञ या हाडाचा उभा छेद दाखवत असताना कार्ल कुलमान या अभियंत्याने तो पाहिला, आणि जाळीच्या रेषांत त्याला क्रेनच्या वाकड्या दांड्यात ताण आणि दाब ज्या वाटांनी जातात त्या वाटा दिसल्या. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराच्या वाटा आत कोरून ठेवते, आणि भार बदलला तर पुढे त्या वाटाही बदलते. म्हणजे ज्या आकारावरून आपण वर्ग पाडतो तो आकार काही अंशी चालण्यातून आणि ओझी वाहण्यातून घडलेला असतो. सासूबाईंनी तरुणपणी विहिरीवरून आणलेले पाणी त्यांच्या मांडीच्या हाडात कुठेतरी लिहिलेले असणार, आणि आता तेच लेखन पुसट होत चालले आहे.

त्या रविवारी सासूबाई आपल्या खोलीतून काठी टेकत आल्या तेव्हा ढीग लावून झाले होते. देवघर समोर असताना ही हाडे घरात नकोत, असे त्यांनी आधीच सुनावलेले होते, पण कुतूहलही आवरत नव्हते. त्यांनी विचारले, "बाईमाणूस होतं का बाप्या?" भाचीने उरलेल्यांच्या ढिगातून कंबरेचे हाड उचलले, त्याच्या मागच्या कडेच्या खाचेत अंगठा घातला आणि तो सैल हलतो हे दाखवून म्हणाली, "आजी, बाईच असणार. पुरुषात ही खाच अरुंद असते." लांब हाडे माणसाची उंची सांगतात, आणि कार्ल पिअर्सनने १८९९ साली त्याची गणितेही मांडून ठेवली आहेत. पण स्त्री की पुरुष हे सर्वांत भरवशाने सांगते ते हे अनियमित हाड. सासूबाई बराच वेळ त्या हाडाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले की ही सगळी एकाच बाईची का, आणि भाचीला त्याचे उत्तर देता आले नाही. बहुधा नसावीत, कारण दंडाचे हाड मांडीच्या मानाने फार थोराड दिसत होते. आपल्या राज्यात बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळावेत यासाठी १९४९ पासून कायदा आहे. बंगालातून तर एके काळी सांगाडे जगभर विकले जात, आणि १९८५ साली सरकारने त्या निर्यातीवर बंदी घातली. आमच्या चादरीवरची हाडे कुठल्या वाटेने आली हे विचारण्यासारखे कुणी नव्हते. लांब, आखूड, चपटी अशी वाटणी करताना डावे-उजवे नीट पाहिले जाते, कोणाचे हे विचारले जात नाही, आणि शिकण्यासाठी ते तसेच असायला हवे हे मला कळते. तरी सासूबाईंनी हळदीकुंकवाचा करंडा मागवला नाही याचे मला त्या दिवशी आश्चर्य वाटले.

चादरीच्या कोपऱ्यात एकच हाड वेगळे राहिले होते, गुडघ्याची वाटी. तिचा वर्ग तिळाएवढ्या हाडांचा, आणि माझ्या मते सगळ्या वर्गीकरणातली चूक इथे उघडी पडते, कारण हा वर्ग आकारावर उभाच नाही. स्नायूच्या दोरीत, जिथे ती सांध्यावरून घासत जाते तिथे, जे हाड धरते ते या वर्गातले, मग ते तिळाएवढे असो वा वाटीएवढे. मनगटातले वाटाण्याएवढे हाड आखूडही आहे आणि या वर्गातलेही आहे. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या गुडघ्यात वाटीच्या जागी नुसती कूर्चा असते, आणि तिचे हाड होऊ लागते ते साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान, धावून आणि पडून झाल्यावर. काही माणसांना तर गुडघ्याच्या मागे आणखी एक छोटे हाड असते, फॅबेला नावाचे. जगभरच्या नोंदी एकत्र करून २०१९ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिले की १९१८ च्या सुमारास ते अकरा टक्के गुडघ्यांत आढळत होते आणि २०१८ पर्यंत एकोणचाळीस टक्क्यांत आढळू लागले. माणसे पूर्वीपेक्षा उंच आणि वजनदार झाली, गुडघ्यावरचा भार वाढला, हे त्याचे कारण असावे असे ते म्हणतात. २०६ ही संख्या पाठ करणाऱ्यांनी या हाडाचे काय करायचे हे कोणी सांगत नाही.

माझा उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा एक्स-रे काढला तेव्हा बाजूने घेतलेल्या फिल्ममध्ये सांध्याच्या मागे एक गोल, स्वच्छ, पांढरा ठिपका दिसला. त्याचा दुखण्याशी संबंध नाही, ते जन्मभराचे भाडेकरू आहे, असे डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. भाची आता वसतिगृहात असते, पण फोटो पाठवल्यावर ती शनिवारी मुद्दाम आली आणि फिल्म खिडकीशी धरून उभी राहिली. सासूबाईंनी विचारले, "म्हणजे आता दोनशे सात का?" भाची म्हणाली, "दुसऱ्या गुडघ्यातही असलं तर दोनशे आठ. आजी, त्याचाही एक्स-रे काढावा लागेल." मी दोघींना सांगितले की डावा गुडघा दुखत नाही, तेव्हा त्याची मोजदाद तूर्त राहू द्या.